नरसक्कांचा साबण

नरसक्का आल्यागेल्याला चहाच्या आधी तंबाखू देतात. खायला नव्हे, तळहातावर चोळायला.

तुम्ही उंबऱ्यात पाय ठेवला की आतून हुकूम येतो, "हात दाव." हात पुढे केला की त्यावर चिमूटभर भुकटी पडते. ती दोन्ही तळव्यांना नीट चोळायची, शंभर आकडे मोजायचे, मग मोरीत जाऊन अक्कांनी त्या दिवशी केलेल्या साबणानं हात धुवायचे आणि ओलेच अक्कांच्या नाकाखाली धरायचे. अक्का डोळे मिटतात, वास घेतात आणि निकाल देतात.

"छाट!"

छाट म्हणजे बाद. अक्कांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्यात माल द्यायला गेलं की तिथला चेकर विड्या तपासायचा. सैल, वाकडी, आखूड, जी मनात भरली नाही ती बाजूला टाकायचा. त्या बाजूच्या ढिगाला छाट म्हणतात. अक्कांनी विडी सोडली, पण चेकर काही त्यांना सोडून गेला नाही. तो आता त्यांच्या नाकात बसून काम करतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं तेलुगू, अक्कांचंही; मी त्यांच्या समोरच राहते, त्यामुळं माझे हात सगळ्यात जास्त वेळा बाद झालेत. पण मी एकटी नाही. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आता मान लांब करून बाहेरूनच आकडा वाचतो. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आले, तेव्हा अक्कांनी ते जोडलेले हात सोडवून त्यात तंबाखू भरली. बिचाऱ्यांनी कार्यकर्त्यांदेखत हात धुतले. अक्कांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "छाट." त्या निकालात साबण किती आणि उमेदवार किती, हे मी अजून विचारलेलं नाही.

साबण त्या मोबाइलवर बघून शिकल्या. तयार साबणाची पांढरी वीट मिळते. ती विळीवर चिरायची, स्टीलच्या डब्यात घालून डबा उकळत्या पाण्यात ठेवायचा, वितळली की हवं ते मिसळायचं आणि साच्यात ओतायचं. गार झालं की झाला साबण. सोपं काम आहे, पण अक्कांच्या हातात ते सोपं राहत नाही. साचा म्हणजे घरचं अप्पेपात्र. मिसळायला कधी कॉफी, कधी संत्र्याच्या सालीची पूड, कधी जाडं बेसन, कधी लिंबाचं तेल. एकदा मेथीची पूड घातली होती. तो आठवडा आमच्या गल्लीला विसरता येण्यासारखा नाही.

साबण ओतल्यावर त्यावर एक जरी बुडबुडा दिसला तरी छाट. पुन्हा डब्यात, पुन्हा विस्तवावर. पंचवीस झाले की दोऱ्यानं बांधून जुडी. पंचवीसच का? तर विडीची जुडी पंचविसाची असते म्हणून. चोविसाची जुडी अक्कांच्या घरात राहूच शकत नाही.

या शिस्तीनं एकदा त्यांचा घात केला. एप्रिल होता. वळलेल्या विड्या उन्हात वाळवतात, मग त्या कडक होतात. अक्कांनी त्याच हिशेबानं पंचवीस साबण ताटात मांडून पत्र्यावर ठेवले. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन आणि त्यात पत्रा! दुपारी चारला वर गेलो तर ताटात एकच साबण होता. ताटाएवढा.

"अक्का, हा वितळून केलेला साबण. उन्हात परत वितळणारच की," मी म्हणाले.

"मंग आधी सांगायचं न्हाई व्हय? एवढं कागद लिहितीस, एक कागद ह्याचा पण लिहायचा!"

कागद म्हणजे माझी पत्रकं. आमच्या घरात वाण्याच्या यादीपेक्षा पत्रकं जास्त. मी विडी कामगार बायकांच्या मजुरीवर, दवाखान्यावर, पेन्शनवर लिहिते आणि कारखान्याच्या दारात उभी राहून वाटते. पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानानं अक्कांना दिलं होतं. त्यांनी बोट ठेवून सावकाश सगळं वाचलं. मग कागद दोन बोटांत दाबून बघितला, विडी दाबून बघावी तसा.

"पान जास्त झालंय. तंबाखू कमी. छाट."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी पत्रक निम्मं केलं. ते बायकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं.

पण मला एक गोष्ट कळत नव्हती. अक्का साबण विकत नाहीत. स्वतःला गोरं-बिरं व्हायचं नाही. मग हा खटाटोप कशासाठी? विचारलं की "तुला काय करायचंय, हात दाव" एवढंच उत्तर.

यंदा एका गुरुवारी मी गेले तर अक्का चिडलेल्या होत्या. तीन जुड्या बाद करून बसल्या होत्या.

"रविवारपतुर जमलं पायजे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"रविवारी काय आहे?"

"पद्मा येतीय. बाळाला घेऊन."

पद्माताई त्यांची एकुलती एक लेक, पुण्यात नर्स आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण अक्कांनी तिला इकडे आणलंच नाही. पुण्याचा दवाखाना चांगला म्हणाल्या. मी त्यावर त्यांच्याशी भांडलेही होते. बारशाला गेल्या आणि सर्दी झालीय सांगून लांब उभ्या राहिल्या. नात तीन महिन्यांची झाली होती, आणि अक्कांनी तिला एकदाही हातात घेतलं नव्हतं.

त्या दिवशी अक्कांनीच कारण सांगितलं. पद्मा दुसरीत असताना तिच्या शेजारी कुणी पोर बसेना. केसांना तंबाखूचा वास येतो म्हणून. बाईंनी तिला मागच्या बाकावर एकटी बसवली. वेणी अक्काच घालायच्या, विड्यांवरून उठून, त्याच हातांनी.

माझं डोकं फिरलं. "अक्का, त्या बाईंचं नाव सांगा. मी आजच लिहिते!"

"काय लिहितीस? तिचं पण डोकं दुखत असंल की वासानं. बस खाली."

मी त्यांचे हात ओढून घेतले आणि वास घेतला. लिंबू होतं, कॉफी होती. तंबाखूचा मागमूस नव्हता. विडी सोडून सात वर्षं झाली होती.

"अक्का, काही नाही. शपथ."

"तुझं नाक कागदाचं," त्या म्हणाल्या आणि चौथी वीट चिरायला घेतली.

रविवारी पद्माताई आली. अक्का दारात टॉवेलला हात पुसत उभ्या होत्या. कितव्यांदा, देव जाणे. बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. ताईनं बाळ पुढं केलं तशा त्या मागं सरल्या.

"वद्दू, वद्दू. नको. सर्दी हाय मला."

"अम्मा, मागच्या वेळी पण सर्दीच होती."

"लई दिवसाची हाय."

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना दोष. मी सगळं सांगून टाकलं. मागचा बाक, वेणी, तंबाखू, साबण. अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच आता जन्मभर बाद.

पद्माताईनं बाळ खांद्यावर घेतलं. मग तेलुगूत बोलायला लागली, आणि मला कळावं म्हणून पुन्हा मराठीत आली.

"अम्मा, मी नर्सिंगच्या होस्टेलला गेले तेव्हा तुझी निळी साडी चोरून नेली होती. आठवतंय? तू सगळीकडं शोधलीस."

"ती तू नेलीस व्हय? मी शेजारणीवर आळ घेतला की!"

"उशाला घेऊन झोपायचे. तुझा वास यायचा तिला, तंबाखूचा. एकदा रूममधल्या मुलीनं चांगुलपणानं धुऊन टाकली. मी दोन दिवस जेवले नाही, अम्मा. रडत होते. तिला वाटलं, घरी कुणी गेलं."

अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. ताईनं आणखी काही न विचारता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांचे दोन्ही हात वर हवेत तसेच राहिले, पोलिसानं हात वर करायला सांगितल्यासारखे. बाळ कुरकुरलं. मग एक हात हळूच खाली आला, पाठोपाठ दुसरा.

बाळ लगेच झोपलं. तास झाला, दीड तास झाला. जेवणं खोळंबली. ताई म्हणाली, "दे आता, पाय दुखतील तुझे."

"चाळीस वर्ष विड्यांचं सूप घिऊन बसली ही मांडी," अक्का कुजबुजल्या. "तवा कुणी इचारलं न्हाई दुखतंय का म्हणून. तुमी जेवा जावा."

आम्ही जेवलो. बाळ उठलं तेव्हा पाच वाजले होते. अक्कांच्या पायांना एवढ्या मुंग्या आल्या होत्या की त्यांना उठवायला आम्ही दोघी लागलो. उभ्या राहिल्या, एका हातानं माझा खांदा धरला, आणि लेकीला म्हणाल्या,

"उद्या तिची आंघोळ मी घालनार."