गालातले ठिपके

कळसच्या शाळेत पालकसभा होती. विज्ञानाच्या अंजली मॅडमनी नववीचा प्रयोग मांडला आणि त्याच वर्गातल्या सुप्रियाने हौसेने आपल्याच बापाला, जोतीरामला, पुढे ढकललं. मॅडमनी टूथपिकने जोतीरामच्या गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, काचपट्टीवर निळा रंग सोडला आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे वळवला.

जोतीरामने डोळा लावला आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. चपट्या निळसर चकत्या, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. एकही सुटली नव्हती. उसाच्या पानावर इतके ठिपके दिसले असते तर त्याने त्याच दिवशी फवारा मारला असता. त्यात गेली सहा वर्षं तो बायकोने घातलेली शपथ मोडून गुपचूप तंबाखू खात होता.

"मॅडम, हे गालातच हाय, का आत बी गेलंय?"

"आतही असतं की," मॅडम उत्साहाने म्हणाल्या. "गालात थरावर थर असतात. फुप्फुसात मात्र एकच पातळ थर. त्यालाच सरल अभिस्तर म्हणायचं."

"आन तितं बी ठिपकं?"

"एकूण एका पेशीत."

जोतीराम मटकन बाकावर बसला. शेजारी त्याची बायको बनाबाई घाबरली. "अवो, काय झालं?"

"बने, मी तंबाखू सोडलीच न्हाय. हिरीवरल्या मोटारीच्या पेटीत पुडी ठिवतोय. आता फुप्फुसात पोचलंय. तुज्या भावाला फोन लाव, इंदापुरात डॉक्टर बघ म्हणावं."

मॅडमच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला. "अहो, तो रोग नाही, पेशीचं केंद्रक आहे. सगळ्यांना असतं. ही बघा, माझ्या गालाची पट्टी."

जोतीरामने पाहिलं. तेच ठिपके. त्याने हळूच मान वर केली. "मंजी मॅडम, तुमी बी खाता?"

सगळे पालक हसले, बनाबाई सोडून. जीव वाचला तरी घरी काय वाढून ठेवलंय ते जोतीरामला कळून चुकलं. तो अजिजीने म्हणाला, "मॅडम, हिचा बी गाल तपासा. सवताचं ठिपकं बघितलं की राग निवंल तिचा."

मॅडमनी नवी टूथपिक काढली. बनाबाईने पदर तोंडाला लावला.

"आ कर की गं," जोतीराम म्हणाला.

"नगं. सकाळी मिसरी लावलीया."

जोतीरामने कान टवकारले. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की.

"तू मिसरी लावतीस? कवापासनं?"

"तुमाला शपथ घातली, त्येच्या आदीपासनं," ती पदराआडून म्हणाली.