पावण्यांच्या ड्रोनची मोटार

"मोटार म्हंजी मोटार! ती विहिरीत बुडू द्या न्हाईतर आभाळात उडू द्या, माज्या हाताला सगळ्या वळखत्यात!"

डिंगोऱ्याचे चांगदेवराव हे छातीठोक सांगायचे, आणि का सांगू नये? पंचवीस वर्षं गावातल्या पाणबुडी मोटारी त्यांच्याच हातून दुरुस्त होतायत. पण त्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात एक आभाळातली मोटार होती, आणि ती मेली ओळखच देईना!

झालं असं, की त्यांची लेक श्रेया लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन मुक्कामी आली होती. जावई आदेश घोडेगावचा. पोरगा भला, पण बोलणं मोजकं. येताना त्यानं खेळण्यातलं एक ड्रोन आणलं होतं. तळहाताएवढा जीव, चार पंखे, चार इवल्या मोटारी. सकाळी दोघं मोटारसायकलवरून ओझरच्या गणपतीला गेले, आणि चांगदेवरावांचे हात शिवशिवायला लागले.

"पावण्यांच्या वस्तूला हात लावू नका हं!" बायको भागूबाईनं चुलीपासून बजावलं.

"आगं, एक गिरकी फकस्त!"

गिरकी कसली! ड्रोन घराच्या पत्र्याएवढं वर गेलं, एका अंगाला कललं आणि धाडकन अंगणातल्या फरशीवर आपटलं. उचलून चालू केलं तर तीन पंखे भिरभिर आणि चौथा आपला रडतखडत. उडायचं नावच घेईना!

चांगदेवराव ड्रोन घेऊन घाईनं घरात शिरले. साखरपुड्यापासून जावयाला "मोटारीतलं आपल्याला लई कळतं" म्हणून ऐकवलेलं. आता पहिल्याच मुक्कामात सासऱ्यानं जावयाची मोटार मोडली! घोडेगावात कळलं तर काय तोंड दाखवणार? दोघं जेवायला परत येणार होते. हातात होते दोन तास.

त्यांनी ड्रोन हातात धरून पंखे फिरवले आणि एकदम ओरडले, "घावलं! फेज पलटलीय! बघ, दोन पंखे उजवीकडं फिरत्यात, दोन डावीकडं!"

"आपटल्यावर फेज पलटती व्हय?"

"तू पुरणाचं बघ!"

आता विहिरीवरची मोटार उलटी फिरली की पाणी वर येत नाही. मग वायरींची अदलाबदल केली की काम फत्ते, हे शिवारातलं शेंबडं पोरही सांगेल. तोच उपाय! शिलाई मशीनचा बारका स्क्रू-ड्रायव्हर घेतला, दोन मोटारींच्या वायरी सोडवल्या, उलट्या जोडल्या आणि वर कथिलाचा डाग दिला. चष्मा लावला नाही. लावला तर म्हातारे दिसतो म्हणून!

चाचणी स्वयंपाकघरातल्या पाटावर. बटण दाबलं मात्र, ड्रोन वर जायच्या ऐवजी जागच्या जागी भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं! गरगरत पाटावरून घसरलं ते थेट कणकेच्या परातीत! भुस्सकन पीठ उडालं आणि नवराबायको दोघंही पांढरीफटक झाली.

"आता बया!" भागूबाई म्हणाली. "द्या हिकडं!"

तिनं शिवणाचा चष्मा लावला, फुंकर मारून पीठ उडवलं आणि ड्रोन उलटंपालटं करून पाहिलं. "अवो, हितं बाण काढल्यात की! दोन हिकडं, दोन तिकडं. ते तसंच फिरायचं असतं! तुमी चांगल्या मोटारी उलट्या केल्या!"

चांगदेवराव वायरी परत सुलट्या करून डाग द्यायला बसले. तोवर भागूबाईनं रडक्या पंख्याच्या बुडाशी सुई घातली. तिथं काहीतरी गुंडाळलेलं होतं. ओढत गेली, ओढत गेली, हातभर लांब केस निघाला! बटण दाबलं. चारही पंखे गुणगुणायला लागले.

आणि बाहेर मोटारसायकल थांबली.

आदेश आत आला. त्यानं ड्रोन पाहिलं, स्क्रू-ड्रायव्हर पाहिला, शेजारी पडलेला तो केस पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"पावणं, त्याचं काय झालं..." चांगदेवराव उठून उभे राहिले.

"मामा, तुम्हाला कळलंच म्हणायचं!" आदेश खाली मान घालून म्हणाला. "गेल्या आठवड्यात माझ्या हातून हे श्रेयाच्या केसात घुसलं. तेव्हापासून ती मोटार दमलीय, सारखं पडतंय. तुमच्याकडून बघून घ्यायचं म्हणूनच आणलं, पण लेकीच्या केसात यंत्र घातलं हे सासऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

चांगदेवराव धप्पकन पाटावर बसले. छातीवरचा धोंडाच उतरला! म्हणजे ते आधीच पडत होतं!

"आवो पावणं, मी बी पाडलं की!" ते ओरडले, आणि मग सासरा-जावई असे हसले, की श्रेया धावत आत आली. केस सोडवायला लागलेला अर्धा तास तिनं बापाला रंगवून सांगितला. भागूबाई डोळे पुसत हसत होती. तो केस कुणी काढला, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

आदेश आता मोकळा झाला होता. अंगणात जाऊन त्यानं रिमोट सासऱ्याच्या हातात दिला. "घ्या मामा, उडवा! पहिला मान तुमचा!"

चांगदेवरावांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"नको पावणं. आपली पाणबुडीच बरी. ती आधीच विहिरीच्या तळाला असती, आणखी पडून पडून पडल कुठं?"