तुळशीरामभाऊंची शाबासकी

आमचे शेजारी तुळशीरामभाऊ माणसांना शाबास म्हणत नाहीत. मुलाचा पहिला नंबर आला तेव्हा ते "बरं" म्हणाले. त्यांच्या घरच्या काकूंच्या भरल्या वांग्यांवर आमची सारी गोंडपिपरी बोटं चाटते, भाऊंचा अभिप्राय मात्र ठरलेला: "खाता येते."

मी पडले प्राथमिक शाळेतली बाई. पोरानं नुसतं नाक पुसलं तरी मी शाबास म्हणते. ते ऐकून एकदा भाऊ कुंपणाशी आले.

"बाई, काऊन पोरं नासवून राह्यल्या तुमी?"

भाऊंची सारी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात गेली, सुरुंग हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांबरोबर. त्यांची शेवटची कुत्री बिजली. म्हातारी झाली म्हणून पोलीस दलानं तिला रजा दिली, तेव्हा भाऊंनी तिला घरी आणलं.

"रस्त्यानं कुत्रं सगळ्याच्या पुढं," भाऊ सांगू लागले. "त्याच्या मांगं मी, माह्या मांगं सारे जवान. वास आला का ते चूप बसते. बसलं का त्याले चेंडू आन् शाबासकी. पन वास नसताना बसलं आन् मी शाबासकी देली, तर उद्या ते चेंडूसाठीच बसन. मंग त्याच्या भरोशावर पाय कोन टाकन?"

"आणि दिवसभर काही सापडलंच नाही तर?"

"मंग मीच वासाची चिंधी लपवतो. रिकाम्या हातानं घरी आलं तर कुत्रं झुरते."

हा नेम त्यांनी गावातही सोडला नाही. फटाक्याची दारू चोळलेली चिंधी रोज सकाळी कुठंतरी लपलेली असायची. एकदा ती आमच्या तुळशीवृंदावनात निघाली. सासूबाईंना वाटलं, कुणीतरी करणी केली. पुढं कितीतरी दिवस आमच्या दाराला लिंबू-मिरच्या लटकत होत्या आणि भाऊ त्यांच्याकडे पाहून गंभीरपणे मान हलवायचे.

या हिवाळ्यात एका सकाळी भाऊंनी माझ्यादेखत जास्वंदाच्या कुंडीमागं चिंधी ठेवली. बिजली आली. कुंडीला नाक घासून पुढं गेली. परत आली, परत पुढं गेली. अंगण हुंगून हुंगून दमली आणि शेवटी धुण्याच्या दगडापाशी जाऊन ताठ बसली. भाऊंकडे बघत राहिली. तिथं काहीच नव्हतं.

भाऊ दगडापाशी गेले. मग त्यांनी खिशातून चेंडू काढून तिच्यापुढं टाकला.

"शाबास, बिजली. शाबास, माय."

मला राहवलं नाही. "भाऊ, तिथं तर काहीच नव्हतं."

"मालूम हाय, बाई." भाऊ तिच्याजवळ उकिडवे बसून तिचे कान कुरवाळत होते. "आता तिच्या मांगं मी एकटाच चालतो."