ठेक्यातलं दुखणं

सुनंदाताई मोहिते समोरच्याच्या वाक्याचं शेपूट उचलून पुन्हा म्हणायच्या, आणि तेही सुरात. आमचे मॅनेजर केरळचे, त्यामुळे ऑफिसचा कारभार हिंदीत. ते मीटिंगमध्ये म्हणायचे, "दुक्म पोर्ट का कंटेनर कल आएगा." मागून हळूच यायचं, "कल आएगा." ओमानी ड्रायव्हर कागद टेबलावर टाकून म्हणायचा, "खलास." ताई थोड्या वरच्या पट्टीत, "खलास." नवीन माणसाला वाटायचं, ही बाई आपली टर उडवतेय. दोघांनी तशी तक्रारही केली होती.

मस्कतच्या रुवी भागात आमचं शिपिंगचं छोटं ऑफिस होतं. मी कागदपत्रं बघायचो, ताई रिसेप्शनला. वय पन्नाशीच्या पुढे, अंबाडा घट्ट. कोणी फोटो काढायला लागलं की त्या आपोआप मागे सरकून डावीकडे उभ्या राहायच्या.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सरळ विचारलं, "ताई, ही सवय कसली?"

"अकरा वर्षं तेच केलं हो साळवी. जात नाही आता."

मग कळलं. ताई मूळच्या चेंबूरच्या. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात कोरसला गायच्या. तिथे त्यांना कल्याणची शोभा भेटली, आणि शोभाने वसईच्या फिलोला आणलं. फिलो वरचा आवाज, शोभा खालचा, ताई मधला. इथल्या, मस्कतच्या, एका हॉटेलात बँडमागे गायला तिघींना बोलावणं आलं. गाणी इंग्रजी, प्रकार रिदम अँड ब्लूज. फिलो सोडली तर इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं.

"मग कसं जमायचं?"

"फिलोनं समजावलं होतं. रिदम म्हणजे ठेका, ब्लूज म्हणजे दुखणं. ठेक्यातलं दुखणं. ते आम्हाला शिकवायला कशाला पाहिजे?"

पुढे गाणारे बदलत राहिले. कधी गोव्याचा कोणी, कधी फिलिपिनो मुलगी. मागच्या तिघी त्याच. हॉटेलच्या पोस्टरवर पुढच्याचा चेहरा आणि त्याच्या खांद्यामागे यांचे तीन हात. नाव एकीचंही नाही.

"राग नाही आला?"

"पुढच्याला पडू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम."

ते काम मी एकदा पाहिलं. इथल्या आपल्या लोकांनी एका हॉलमध्ये भीमजयंती ठेवली होती. ताईंना गायला सांगितलं, तर म्हणाल्या, "पुढे उभं राहायला मला येत नाही." जवळच्याच वादी कबीर भागातली एक शाळकरी मुलगी गायला उभी राहिली. तिचं मराठी अडखळतं, दुसऱ्या कडव्याला शब्दच विसरली. आई पहिल्या रांगेत पांढरी पडली. तेवढ्यात पडद्याआडून तीच ओळ आली, इतकी बारीक, की ती मुलीच्याच गळ्यातून निघाली असं वाटावं. मुलीने ती पकडली आणि गाणं पुरं केलं. टाळ्या तिला मिळाल्या. ताई मागच्या दाराने चहा आणायला गेल्या होत्या.

मग एक दिवस ताई कामावर आल्या आणि कुणाच्याच मागून काही म्हणाल्या नाहीत. मॅनेजर बोलले, ड्रायव्हर बोलला, ताई गप्प. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्यांनी तक्रार केली होती त्यांनाही करमेना.

दुपारी त्या मला जिन्यात भेटल्या. फोन हातात.

"शोभाला झटका आला," त्या म्हणाल्या. "वाचा गेली. बहिणीकडे आहे कल्याणला. फिलो तर तीन वर्षांपूर्वीच गेली."

त्या वेळी इथून फोनवर फुकटचे कॉल लागत नसत, पण व्हॉइस मेसेज जायचे. ताईंनी मोबाइल तोंडाशी धरला आणि आपला मधला आवाज गायल्या. शब्द नाहीत, नुसता ऊकार. पाठवला. आम्ही पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. आधी बहिणीचा आवाज, "शोभे, म्हण बाई." मग एक जाड, घोगरा सूर, तुटत तुटत, पण बरोबर खालच्या जागी.

ताईंनी तो तीनदा ऐकला. "बोलता येत नाही तिला," त्या म्हणाल्या, "पण सुरात आहे."

मी विचारलं, "ताई, हॉटेलने बँड बंद केल्यावर त्या दोघी घरी परतल्या. तुम्ही का राहिलात?"

"ठरलं होतं आमचं. कुठे पुन्हा काम निघालं तर कळायला नको? एकीनं इथे थांबायचं आणि दोघींना बोलवून घ्यायचं." त्या उठल्या. "नऊ वर्षं झाली. कुणी विचारायला आलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कारण ताई मराठीतच बोलत होत्या.

"क्या प्रॉब्लेम है? क्या बोल रही है?"

ताईंनी पुन्हा सांगितलं, "खालचा आवाज एकटा पडलाय."

हे हिंदीत कसं सांगायचं ते मला सुचेना. मी म्हणालो, "सर, घर में बहन बीमार है."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मॅनेजरांनी सही केली.