साहेब उभे, मजकूर आडवा

फोटो काढणं ही काही फार मोठी कला नाही, असं माझं पहिल्यापासून मत आहे. समोर माणूस, हातात कॅमेरा, मध्ये आपलं बोट येऊ द्यायचं नाही. संपलं! म्हणून आमच्या साहेबांच्या निरोप समारंभासाठी फ्लेक्स करायचं ठरलं, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!"

यात थोडा स्वार्थ होता, नाही असं नाही. साहेबांची खुर्ची रिकामी होणार होती आणि तिच्यात कोणाला बसवायचं ते साहेब समारंभातच सांगणार होते. उमेदवार दोनच. मी, आणि आमचे अकाउंटंट, ज्यांच्या चेहऱ्यावर कोऱ्या पाकिटाइतकेच भाव असतात. साहेबांचं काही केल्या ठरत नव्हतं.

मी कॅमेरा उभा धरला, साहेबांना हाताची घडी घालायला लावली आणि बटण दाबलं. संगणकावर बघतो तो साहेब खांबासारखे ताठ! फोटो फ्लेक्सवाल्याकडे पाठवला. लगेच त्याचा फोन.

"सर, साहेब झोपलेत."

"काय बोलता! माझ्यासमोर उभे आहेत!"

"तिथे असतील. माझ्याकडे आडवे झालेत."

आता मला कळलंय की कॅमेरा उभा धरला तरी तो चित्र आडवंच साठवतो आणि सोबत गुपचूप एक सूचना जोडतो : बघताना फिरवून घ्या. माझा संगणक आज्ञाधारक, सूचना पाळणारा. फ्लेक्सवाल्याचं मशीन आमच्या मेव्हण्यासारखं, सांगितलेलं ऐकेल तर शपथ! पण तेव्हा हे कुठे ठाऊक? इकडे मी साहेबांना आडवं करून पुन्हा पाठवलं, म्हणजे तिकडे ते उभे राहतील. नेमकं त्याच वेळी फ्लेक्सवाल्यानेही भलेपणाने आपल्या मशीनला फोटो फिरवायला सांगून ठेवलेलं.

"सर, आता साहेब कूस बदलून झोपलेत."

मग दोघांनीही, एकमेकांना न सांगता, आपापली चूक निस्तरली.

"सर, साहेब पुन्हा..."

"एक शब्द बोलू नका! माझ्याकडे व्यवस्थित दिसतायत. तुम्हाला काहीही दिसलं तरी हात न लावता छापा!"

त्याने छापलं.

समारंभाच्या दिवशी सभागृहात फ्लेक्स उलगडला. चांगले आठ फूट पसरलेले साहेब. हाताची घडी, चेहरा गंभीर. खाली टपोऱ्या अक्षरांत, 'साहेब, तुमची उणीव सदैव भासेल!'

मदतीला आलेली बायको दारातच थबकली. "अगं बाई! कधी गेले हो?"

"गेले नाहीत, निवृत्त होतायत!"

"मग असं झोपवलंय का त्यांना?"

"आता काय करू, ते सांग!"

"काय करायचंय? उभा टांगा की!"

टांगला. साहेब उभे राहिले, फक्त मजकूर भिंतीवरून पालीसारखा वर चढू लागला.

साहेब आले. स्वतःला बघून खूश झाले. मग वाचायला त्यांनी मान वाकडी केली. आणखी केली. 'सदैव'पाशी पोचले आणि कट्ट असा आवाज झाला! कान खांद्याला टेकला तो टेकलाच.

तशाच मानेने ते मंचावर बसले. मी साहेबांच्या कर्तबगारीवर भाषण ठोकलं. लांबलं थोडं. पण शेवटपर्यंत लोखंडी सळईसारखा ताठ उभा होतो! खाली बसलो आणि साहेब कण्हत उठले.

"मघापासून बघतोय, अख्खं सभागृह एका बाजूला कललंय. भाषण करणारासुद्धा! ताठ दिसला तो एकच माणूस. माझी खुर्ची त्याला!"

त्यांनी बोट दाखवलं. अकाउंटंट! माझ्या भाषणात त्यांना गाढ झोप लागली होती आणि डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर पडलं होतं. साहेबांची मान ज्या बाजूला, बरोब्बर त्याच बाजूला!

टाळ्यांच्या कडकडाटाने ते दचकून जागे झाले आणि सावरून बसले.

"अरेरे, हाही कलला!" साहेब पुटपुटले.

पण तोवर जाहीर होऊन गेलं होतं.