नाना आणि पोलंडचा यान

नानांना काही विचारलं की ते उत्तर देत नसत. उलट विचारत, "शोधलं का?"

धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी नव्यानं शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर लॅबच्या दारात त्यांना विचारलं, "स्टाफरूम कुठे आहे?" चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "शोधली का?" मग स्वतःच उठले, मला तिथपर्यंत सोडून आले आणि वाटेतली पाटी बोटानं दाखवली. "बठ्ठं लिखेल शे, ताई. फक्त शोधनं पडस." म्हणजे सगळं लिहिलेलं असतं, फक्त शोधावं लागतं.

आत्माराम नाना लॅब सांभाळायचे. पन्नाशी उलटलेली, बिऱ्हाड एकट्याचं. इंटरनेट फोनच्या तारेतून रडतखडत यायचं, ते दिवस. पण कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर सीड्या यायच्या आणि त्यांत देशोदेशीच्या लोकांनी फुकट वाटलेले प्रोग्राम असायचे, आतल्या कोडसकट. नानांनी अशा सगळ्या सीड्या एका मशीनवर उतरवून ठेवल्या होत्या. एखाद्या प्रोग्राममध्ये कुणाचं अडलं की नाना 'ग्रेप' नावाची कमांड द्यायचे. हजारो फायलींत तो शब्द जिथं जिथं असेल, त्या ओळी पडद्यावर धडाधड उतरायच्या. "हे बघा, ही अडचण तिकडं ब्राझीलवाल्याले बी आली होती."

पोरं त्यांना 'ग्रेप सर' म्हणत. रावेरहून आलेल्या एका केळीवाल्या पालकांनी ते ऐकलं आणि अदबीनं विचारलं, "सर, द्राक्षं इथल्या उन्हात तगतात का हो?" नाना गंभीरपणे म्हणाले, "शोधावं लागेल." आणि दुसऱ्या दिवशी खरंच शेतकी कॉलेजात चौकशी करून आले.

कोडापेक्षा त्यांना कोडाच्या मधे मधे लिहिलेल्या टिपा आवडत. दुसरा कुणी वाचेल म्हणून लिहिणाऱ्यानं ठेवलेल्या त्या ओळी. आमचा प्रिंटर ज्या प्रोग्रामवर चालायचा, तो पोलंडच्या यान नावाच्या माणसानं लिहिला होता. नाना मला बोलावून त्याच्या टिपांचा अर्थ सांगायचे. "म्हणतो, इथं हात लावू नका, हे का चालतं ते मलाही ठाऊक नाही!" एवढं बोलून पोट धरून हसायचे. एकदा म्हणाले, "आज त्याच्याकडं बर्फ पडला. बाकीचं उद्या लिहितो म्हणतो." बाहेर मे महिना तापला होता.

मग नवी सीडी आली आणि तीतल्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये यानची एकही टीप नव्हती. काम दुसऱ्याच कुणाच्या नावावर. नानांनी यानला ईमेल केली, ती परत आली.

"नाना, प्रिंटर तर चालतोय ना? मग?" मी म्हटलं.

"माणूस बोलता बोलता गप्प झाला, ताई. विचाराले नको?"

नाना शोधायला बसले. एकेक प्रोग्राम, त्याच्यासोबतची माहिती, बदलांच्या याद्या. आठ दिवस डबाही लॅबमध्येच खाल्ला. यान नावाचे चाळीसेक निघाले. त्यांतला एक डॅनिश, एक तर बाई! नवव्या दिवशी, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामच्या माहितीपत्रात शेवटी ओळ सापडली: 'नजर गेल्यावरही या प्रोग्रामच्या चाचण्या घेणाऱ्या, प्रिंटरवाल्या यानचे आभार.' खाली लिहिणाऱ्याचा पत्ता.

नानांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्या पत्त्यावर यानसाठी तीन ओळी लिहिल्या आणि इंग्रजी बरोबर आहे का, ते माझ्याकडून तपासून घेतलं. तुमच्या टिपा धुळ्यात वाचतो. त्या थांबल्या म्हणून विचारतो. तब्येत कशी आहे?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. यान सांगत गेला होता आणि त्याच्या बहिणीनं टाइप केलं होतं. वर्षभरात प्रिंटरच्या तक्रारी पुष्कळ आल्या, त्यानं कळवलं होतं, माझी चौकशी कुणी केली नाही.

मी खूश झाले. "नाना, कमाल केलीत!" पण नाना हसले नाहीत.

"मन्हा धाकला भाऊ, रमेश," ते म्हणाले. आमच्या पाच वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. "सुरतला मिलमध्ये होता. दर महिन्याला पत्र यायचं. मग बंद झालं. मी म्हटलं, कामात असेल. वर्षभर तसंच म्हणत राहिलो. गेलो तेव्हा खोलीत दुसरंच बिऱ्हाड. शेजारीण म्हणाली, लई आजारी होता. पोस्टमन दिसला की उठून बसायचा. गेला तो. आठवडाभर उशीर झाला तुम्हाला."

नानांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि यानला उत्तर लिहायला घेतलं. बोटं हळू चालत होती. तास घ्यायचा होता मला. पण मी गेले नाही. त्यांचं लिहून होईपर्यंत शेजारी बसून राहिले.