नकाराचं पत्र

संजनाची सरकारी नोकरी एका लाईट बिलावर येऊन अडली. धरणग्रस्तांच्या राखीव जागेवर तिची निवड झाली होती, पण महिन्याच्या आत धरणग्रस्त असल्याचा दाखला हवा होता. तिचा बाप लवू भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. त्याचं आंबेखोल गाव कोयनेच्या धरणात गेलं, आणि गावाचे कागद सव्वीस जुलैच्या पुरात, भाईंदरच्या खोलीत. पाण्याने या घराचं काही म्हणून ठेवलं नव्हतं.

"मूळ गावचा पुरावा द्या. लाईट बिल चालेल," दाखल्याच्या ऑफिसातला कारकून म्हणाला.

"साहेब, गावात लाईट नव्हतीच. लाईटसाठीच तर गाव बुडवलं."

"मग तसं वीज कचेरीचं पत्र आणा."

लवू एसटीने गावाकडच्या तालुक्याला गेला. तिथल्या वीज कचेरीतला बाबू भला माणूस निघाला. भल्या माणसांनीच आजवर लवूचं जास्त नुकसान केलं होतं.

"लाईट नाही असं पत्र आम्हाला देता येत नाही," बाबू म्हणाला. "तुम्ही गावच्या पत्त्यावर नवीन मीटरचा अर्ज करा. आम्ही नाकारतो. नकारात सगळं येईल, गाव पाण्याखाली आहे वगैरे. पत्र भाईंदरला पाठवतो."

लवूने अर्ज केला. पण कचेरीत नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्याला नाकारायचं कुणी शिकवलं नव्हतं. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी पाकीट आलं. आत बिल होतं. मुक्काम आंबेखोल. रीडिंगच्या जागी छापलं होतं, 'दार बंद, सरासरी वापर'.

"पप्पा, त्यांनी आधी बिलच मागितलं होतं ना?" संजना म्हणाली. "चला पटकन."

दाखल्याच्या कारकुनाने बिल बुडालेल्या गावांच्या यादीशी ताडून पाहिलं. "गाव बरोबर आहे," तो म्हणाला. लवूला हायसं वाटलं.

"पण मीटर चालू दिसतंय. मीटर चालू म्हणजे घर आहे. घर आहे तर तुम्ही धरणग्रस्त कसे?"

त्याने अर्जावर 'नामंजूर' शिक्का मारला. नकाराचं पत्र मिळालं ते असं.

घरी आल्यावर संजना मोरीत तोंड धुवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. लवूच्या म्हाताऱ्या आईने, शेवंतीने, बिल हातात घेऊन उलटसुलट केलं.

"काय आलंय रं?"

"गावच्या घरात लाईट आली, आई."

त्या घरात म्हातारीने चार बाळंतपणं चिमणीच्या उजेडात काढली होती.

"मग जाऊन मालव आधी," ती म्हणाली. "घरात कुणी न्हाय."